विजेला दुसरी कंपनी का नाही?



गटाच्या बैठकीत लाइट गेली की एक प्रश्न हमखास निघतो. मोबाइलला तीन-चार कंपन्या आहेत. एकीची रेंज मिळेना तर नंबर तोच ठेवून दुसरीकडे जाता येतं. मग वीजच तेवढी एका महावितरणकडून का घ्यायची? दुसरी कंपनी आली तर वायरमन वेळेवर येईल, जळालेली डीपी लवकर बदलून मिळेल, बिलही कमी येईल. प्रश्न अगदी रास्त आहे. याच प्रश्नावरून मुंबईत सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं, आणि याच प्रश्नावरून २०२३ च्या जानेवारीत राज्यभरातले वीज कर्मचारी संपावर गेले. आज आपण त्याबद्दलच बोलू. गेल्या महिन्याचं बिल हाताशी असेल तर जवळ घेऊन बसा, शेवटी लागेल.

आधी तारेचं बघू. मोबाइलच्या कंपनीला गावाबाहेर एक टॉवर उभा केला की भागतं. विजेला खांब लागतात, तारा लागतात, डीपी लागते, आणि ती तार प्रत्येक उंबऱ्यापर्यंत आणावी लागते. दुसरी कंपनी आली म्हणजे त्याच गल्लीत दुसरे खांब, त्याच बांधावरून दुसरी तार. गावात एका गिरणीला पुरेल एवढंच दळण असताना दुसरी गिरणी निघाली तर काय होतं ते आपण पाहिलंय. दोन्ही गिरण्या अर्धा दिवस बंद बसतात. पण गिरणीवाल्याचा तोटा गिरणीवाल्याचा. विजेत तसं नसतं. खांब-तारांवर केलेला खर्च नियमाप्रमाणं दरात धरला जातो, म्हणजे तो बिलातून आपणच फेडतो. म्हणून जगभरात हा धंदा बहुतेक ठिकाणी एका भागात एकालाच दिला जातो, आणि त्या बदल्यात त्याच्यावर सरकारी लगाम ठेवला जातो.

आपल्याकडं हा लगाम आहे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या हातात. १९९९ साली तो स्थापन झाला. त्याआधी वीज मंडळ आणि मंत्रालय मिळून दर ठरवत. २००३ चा वीज कायदा आला, २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन वीज तयार करणारी महानिर्मिती, ती मोठ्या तारांवरून वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर पोचवणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. वीज वाटायचा परवाना कुणाला द्यायचा, दर किती ठेवायचा, कंपनीनं पुढच्या वर्षांसाठी किती वीज कुणाकडून विकत घ्यायची, खांब-तारांवर किती खर्च करायचा, हे सगळं आयोगाच्या मंजुरीनं होतं. आपल्या बिलावर आयोगाचं नाव ठळक दिसत नाही, पण बिलातला बहुतेक आकडा त्यांच्या आदेशातून आलेला असतो.

आता गंमत अशी, की २००३ च्या कायद्यानं दुसऱ्या कंपनीला दार बंद केलेलं नाही. कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की एकाच भागात दोन किंवा जास्त कंपन्यांना परवाना देता येतो, अट एवढीच की दुसरीनं आपल्या स्वतःच्या तारा टाकायच्या. याला समांतर परवाना म्हणतात. मग इतक्या वर्षांत आपल्या तालुक्यात कुणी का आलं नाही? कायद्यानं मनाई नाही, तरी कुणी अर्ज केला नाही. का केला नाही, ते कळायला एसटी आणि वडाप आठवा.

सकाळी सहाला शेवटच्या वाडीवर जाणारी एसटी आठवा. चार शाळकरी पोरं, दवाखान्यात निघालेली एक म्हातारी, एखादी दुधाची किटली. त्या फेरीत डिझेलचे पैसेही निघत नाहीत. पण ती फेरी असते, निदान असायला पाहिजे, कारण एसटीवर ती जबाबदारी आहे. वडापवाला कुठं उभा असतो? बाजाराच्या दिवशी, तालुक्याच्या रस्त्यावर, गर्दीच्या वेळी. जीप भरली की निघाला. त्याला दोष द्यायचा नाही, त्याचंही पोट आहे, आणि एसटी वेळेवर आली नाही म्हणूनच आपण त्याच्या गाडीत बसतो. पण बाजाराच्या रस्त्यावरच्या भरलेल्या फेऱ्यांमधून जे चार पैसे उरायचे, त्यातून एसटी वाडीची रिकामी फेरी सोसत होती. भरलेले प्रवासी वडापनं नेले की एसटीच्या कागदावर वाडीची फेरी तोट्याची दिसते, आणि एक दिवस ती बंद होते. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. वडापमध्ये कुणी अर्धं तिकीट घेतं का?

विजेचंही तंतोतंत असंच आहे. कारखाना, मॉल, मोठं दुकान, शहरातला एसी लावणारा बंगला, हे बाजाराच्या रस्त्यावरचे प्रवासी. थोड्या तारेवर भरपूर वीज खपते, बिल वेळेवर येतं. आणि आपण शेवटच्या वाडीवरचे. एक किलोमीटर तार ओढली तर दहा घरं, महिन्याला प्रत्येकी पन्नास-साठ युनिट. आयोग दर लावताना मोठ्या ग्राहकाला पोचवण्याच्या खर्चापेक्षा थोडा जास्त आणि छोट्या घरगुती ग्राहकाला, शेतीपंपाला थोडा कमी लावतो. म्हणून पहिल्या शंभर युनिटांचा दर सगळ्यात कमी असतो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. हा पैसा सरकारच्या तिजोरीतून येत नाही, एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडं येतो. सरकारचं अनुदान वेगळं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल २०२४ पासून सरकार भरतं, ते सरकारी अनुदान. दोन्हींची गल्लत करू नका, कारण सरकार बदललं तर अनुदान बदलू शकतं, आणि मोठा ग्राहक निघून गेला तर क्रॉस सबसिडी आटते.

मुंबईची गोष्ट यासाठीच ऐकण्यासारखी आहे. मुंबईच्या उपनगरांत एक कंपनी १९२९ पासून घरोघर वीज देत होती. ती आधी बीएसईएस होती, मग रिलायन्सची झाली, आणि २०१८ पासून ती अदानींकडं आहे. शेजारी टाटांची कंपनी होती. टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोणावळा-खोपोलीकडं धरणं बांधून मुंबईला पाण्यावरची वीज आणली, पण त्यांचे ग्राहक मुख्यतः मोठे होते. टाटांना घरगुती ग्राहकही घेता येतात का, यावर वाद झाला आणि २००८ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, घेता येतात. टाटांच्या तारा सगळीकडं नव्हत्या. मग २००९ साली आयोगानं वाट काढली. वीज टाटांची, तार रिलायन्सची, आणि तार वापरल्याचं भाडं म्हणून वहन आकार द्यायचा. तुमच्या बिलावरही वहन आकार नावाची ओळ आहे, ती ही.

लोकांनी अर्ज केले, लाखो ग्राहक बदलले. काही वर्षं मुंबईच्या ग्राहकाला खरंच निवड मिळाली, हे नाकारायचं कारण नाही. पण थोड्याच दिवसांत रिलायन्सनं आयोगापुढं तक्रार केली, की टाटा निवडून निवडून मोठे ग्राहक उचलतायत, आणि छोट्यांचा भार आमच्यावर टाकतायत. टाटांचं म्हणणं वेगळं होतं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आयोगानं आदेश दिला. त्यात टाटांना सांगितलं, की शहरातल्या ११ भागांत तुमचं तारांचं जाळं एका वर्षात पुरं करा, आणि तोवर महिन्याला तीनशे युनिटपर्यंत वापर असलेले घरगुती ग्राहकच घ्या. म्हणजे आधी वाडीची फेरी चालवा, मग बाजाराच्या रस्त्यावर या. पुढं अपील झालं आणि २०१४ साली विद्युत अपील न्यायाधिकरणानं तो आदेश जसाच्या तसा ठेवला नाही. कोण बरोबर, कोण चूक हे आपण इथं बसून ठरवायला नको. पण एवढं लक्षात घ्या, की जिथं खांबाखांबाला गिऱ्हाईक आहे त्या मुंबईतसुद्धा दोन कंपन्या आल्यावर भांडण लागलं ते छोटं गिऱ्हाईक कुणाच्या पदरात, यावर.

आता आपल्या दाराशी येऊ. २०२२ साली अदानींच्या कंपनीनं महावितरणच्या भांडुप परिमंडळात समांतर परवाना मागितला. ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण, तळोजा असा तो पट्टा. तिथं कारखाने आहेत, मोठ्या इमारती आहेत, बंदर आहे. याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचारी आणि अभियंते संपावर गेले. संप तीन दिवसांचा जाहीर केला होता, सरकारशी बोलणी होऊन पहिल्याच दिवशी मागं घेतला. बातम्यांत तेव्हा खासगीकरण हा शब्द फिरत होता. कर्मचाऱ्यांना आपल्या नोकरीची काळजी होती, ते साहजिक आहे. पण बातम्यांत गावातल्या बाईची काळजी कुणी मांडली नाही. ती अशी, की महावितरणचा तो पट्टा बाजाराचा रस्ता आहे. तिथले मोठे ग्राहक गेले तर उरलेल्या महाराष्ट्राच्या बिलात काय वाढेल, हा हिशेब आपल्यापुढं कुणी मांडला?

त्याच काळात केंद्र सरकारनं ८ ऑगस्ट २०२२ ला लोकसभेत एक विधेयक आणलं होतं. एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपन्यांनाही वीज विकता यावी, असं त्यात होतं. म्हणजे मुंबईतली २००९ ची तडजोड देशभर. ते स्थायी समितीकडं गेलं, आणि त्या लोकसभेची मुदत संपल्यावर तिथंच राहिलं. हा विषय मात्र मिटलेला नाही, पुन्हा पुन्हा वर येतो.

माझं म्हणणं असं नाही, की महावितरण फार शहाण्यासारखं वागते. विजेची गळती आहे, चोरी आहे, आणि आकडे टाकणारे आपल्याच गावात आहेत. मीटरचं रीडिंग न घेता अंदाजानं टाकलेली बिलं आहेत. कुणीच स्पर्धक नसलं की कचेरीतला साहेब खुर्चीतून उठत नाही, हा अनुभव सगळ्यांचा. कारखानदारांची तक्रारही खोटी नाही. आमच्याकडून जास्त दर घेऊन तुमचे पंप चालवता, मग आमचा माल महाग होतो, असं ते म्हणतात. कायदाही सांगतो, की क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करत न्या. मोठ्या कारखान्यांना आजही बाहेरून वीज विकत घ्यायची मुभा आहे, फक्त जाताना त्यांना अधिभार भरावा लागतो, म्हणजे वाडीच्या फेरीचा वाटा देऊन जावं लागतं. मला हा नियम योग्य वाटतो. दुसरी कंपनी यायची असेल तर येऊ दे, पण तिनं बाजाराच्या रस्त्याबरोबर वाडीही घ्यावी, नाहीतर वाडीचा वाटा मोजावा. आयोगापुढं आपलं भांडण असेल तर ते याच अटीसाठी.

या अटीचा विचार सरकारनं केलाच नाही असं नाही. २००५ साली केंद्रानं नियम केला, की समांतर परवाना मागणाऱ्यानं कमीत कमी एक पूर्ण नगरपालिका, महानगरपालिका किंवा महसुली जिल्हा घेतला पाहिजे. एका एमआयडीसीपुरता किंवा चार चांगल्या गल्ल्यांपुरता परवाना मिळू नये म्हणून. नंतर त्यात बदलही झाले. पण मैत्रिणींनो, नीट बघा. पूर्ण महानगरपालिका घेतली तरी अट पुरी होते. शहरातली झोपडपट्टी त्यात आली, ठीक आहे. शहराच्या हद्दीबाहेरचं गाव त्यात कुठं आलं? शहर ते शहर असा परवाना देत गेलं तर शेवटी महावितरणकडं गावं आणि शेतीपंप तेवढे उरतील.

मधला एक प्रकार आहे फ्रँचायझीचा. परवाना महावितरणचाच, दरही आयोगाचाच, फक्त एका शहराचा कारभार ठेक्यानं खासगी कंपनीला. भिवंडी २००७ पासून टोरेंटकडं आहे. छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नागपूर इथंही हा प्रयोग झाला, पण ते करार मुदतीआधीच संपले. याला स्पर्धा म्हणता येत नाही, कारण ग्राहकाला निवड नसतेच, मक्तेदार तेवढा बदलतो.

आणि एक प्रयोग आपल्याच लोकांनी केला होता, तो तर सांगायलाच हवा. नगर जिल्ह्यात श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा नावाची वीज सहकारी संस्था होती. साखर कारखाना, दूध संघ तशी विजेचीही सहकारी संस्था, ग्राहक हेच सभासद. १९७० च्या आसपास देशात अशा मोजक्याच संस्था निघाल्या. चाळीस वर्षं ती चालली. वीज घाऊक विकत घ्यायची आणि गावोगाव वाटायची. पण तिच्याकडं बहुतेक शेतीपंप, म्हणजे सगळी वाडीचीच फेरी. बाजाराचा रस्ता नाहीच म्हणा ना. विकत घेतलेल्या विजेची थकबाकी वाढत गेली, आणि ३१ जानेवारी २०११ ला परवाना संपला तो पुन्हा मिळाला नाही. महावितरणनं तो भाग घेतला. कारभारात काय चुकलं यावर त्या भागात आजही लोक तावातावानं बोलतात. पण नुसत्या गावांच्या जिवावर वीज वाटपाचा धंदा उभा राहणं किती अवघड, हे त्या संस्थेकडं पाहून कळतं.

आता क्षमतेबद्दल. म्हणजे वीज तयार करायची ताकद किती ठेवायची. ही बाजू बिलात लपलेली असते, म्हणून जरा नीट सांगते.

समजा गटानं शेवयाचं मशीन भाड्यानं घेतलं. करार असा, की मशीन चालो न चालो, महिन्याला ठरलेलं भाडं द्यायचंच, आणि वर जेवढ्या शेवया काढाल त्याचे किलोमागं वेगळे पैसे. उन्हाळ्यात मशीन दिवसभर फिरतं, भाडं निघतं. पावसाळ्यात मशीन झाकून ठेवलेलं, तरी भाडं चालू. वीजकेंद्राबरोबरचे करार असेच असतात. एक रक्कम केंद्र तयार ठेवल्याची, ती स्थिर. दुसरी, प्रत्यक्षात वीज घेतली त्याची. गरजेपेक्षा जास्त मशीनं भाड्यानं घेतली तर गट बुडतो. राज्य बुडायला आलं होतं, ते दाभोळमुळं.

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात एन्रॉन कंपनीचा प्रकल्प आला. १९९३ च्या डिसेंबरमध्ये वीज मंडळानं करार केला. निविदा मागवल्या नव्हत्या, दोन-चार कंपन्यांचे भाव पाहिले नव्हते, आणि तेव्हा आयोगही नव्हता. जागतिक बँकेनं त्याच वर्षी सांगितलं होतं, की ही वीज महाराष्ट्राला परवडणार नाही. १९९५ साली सरकार बदललं, करार रद्द झाला, पुन्हा बोलणी झाली आणि करार पुन्हा झाला, प्रकल्प आणखी मोठा करून. गावकरी विरोध करत होते. वेलदूरच्या कोळीवाड्यातल्या बायकांना १९९७ साली पोलिसांनी पहाटे घरात शिरून पकडून नेलं. आपलं समुद्राचं पाणी, मासे, जमीन यासाठी त्या उभ्या होत्या. पुढं बिलाच्या हिशेबानंही त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

१९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. मंडळाला एवढी महाग वीज नको होती, शक्य तेवढी कमी उचलायची असं त्यांनी धरलं. पण भाडं चालूच होतं. कमी उचलली तर तेच भाडं थोड्या युनिटांवर पडायचं, आणि युनिटचा भाव आणखी चढायचा. पावसाळ्यातल्या शेवयाच्या मशीनसारखं. २००१ च्या मे महिन्यात मंडळानं वीज घेणं थांबवलं. राज्य सरकारनं माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोर झाली.

या फटक्यानंतर कायद्यात काही दुरुस्त्या आल्या. आता वीजकेंद्र उभारायला परवाना लागत नाही, ज्याला उभारायचंय त्यानं आपल्या जोखमीवर उभारावं. पण वाटप करणाऱ्या कंपनीला वीज खरेदीचा करार आयोगाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि निविदा मागवून भाव ठरवण्याची तरतूद आहे. म्हणजे दाभोळसारखा करार बंद खोलीत करणं आता अवघड झालं. अशक्य झालं असं मी म्हणणार नाही.

उलटी चूकही झाली. दाभोळच्या धसक्यानं पुढची काही वर्षं नवी क्षमता पुरेशी आलीच नाही, आणि २००५ नंतर आपण भारनियमन भोगलं. बारा-बारा तास लाइट नसायची. तुमच्यातल्या थोरल्यांना ते दळणाचे फेरे आठवत असतील. रात्री दोनला लाइट आली की उठून गिरणीवर. तेव्हा कमी पडणारी वीज कशी वाटायची हेही आयोगाच्या मंजुरीनं ठरायचं. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, तिथं अंधार जास्त. यात एक न्याय होता आणि एक अन्यायही. नियमानं बिल भरणारी बाई शेजाऱ्याच्या आकड्यामुळं अंधारात बसायची.

आता बिल हातात घ्या. स्थिर आकार ही पहिली ओळ. एक युनिटही जाळलं नाही तरी तो येतो. तार, डीपी आणि वीजकेंद्राचं भाडं यांचा काही भाग त्यात आहे, सगळा नाही, उरलेला युनिटच्या दरात मिसळलेला असतो. मग वीज आकार, मग वहन आकार. त्याखाली इंधन समायोजन आकार, म्हणजे कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज अंदाजापेक्षा महाग पडली तर नंतर वसूल होतो तो. शेवटी वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. हे सरकारचं, त्यात महावितरणला काही मिळत नाही. दुसरी कंपनी आली तरी यातलं वीज शुल्क तसंच राहणार, आणि तार एकच असेल तर वहन आकारही. स्पर्धेतून स्वस्त व्हायला उरतो तो मुख्यतः वीज आकार. दुसरी कंपनी आली की बिल निम्मं होईल असं कुणी सांगितलं तर या ओळींवर बोट ठेवून विचारा, यातली कुठली निम्मी होणार?

दर बदलायचा असो, नवा परवाना द्यायचा असो, कायद्यानं आयोगाला जाहीर सूचना द्यावी लागते आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. वर्तमानपत्रात बारीक अक्षरात ही सूचना मराठीतही येते. सुनावण्या विभागाच्या ठिकाणी होत आल्यात, अलीकडं ऑनलाइनही होतात. तिथं जाणारे बहुतेक कारखानदारांच्या संघटनांचे लोक आणि शहरातले ग्राहक कार्यकर्ते. ग्राहकांच्या वतीनं बोलायला आयोगानं मान्यता दिलेल्या संस्थांत मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना अशी नावं राहिली आहेत. प्रयास आणि ग्राहक पंचायतीनं चांगलं काम केलंय. पण पिठाच्या गिरणीवाली, मसाला कांडणारी, शिलाई मशीनवाली बाई तिथं स्वतः उभी राहिली तर आयोगाला वेगळी गोष्ट ऐकायला मिळेल.

आणि तिथं लिहिलेल्या एका ओळीनं केवढा फरक पडतो, त्याचं उदाहरण देते. घराच्याच एका खोलीत छोटा धंदा असेल आणि महिन्याचा वापर तीनशे युनिटांच्या आत असेल तर घरगुती दरच लावावा, अशी तरतूद आयोगाच्या दर आदेशात आहे. पापड लाटायच्या खोलीसाठी व्यापारी दर लावलेलं बिल आलं असेल तर ताजा दर आदेश पाहून महावितरणकडं लेखी तक्रार करा. तिथं नाही ऐकलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. वकील लागत नाही.

हरकत कशी लिहायची ते सांगते आणि थांबते. साध्या कागदावर, मराठीत. गटाचं नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक. कुठल्या सूचनेवर हरकत घेताय त्याचा क्रमांक आणि तारीख. मग आपलं म्हणणं, आकड्यांसकट. गावात किती तास वीज असते, डीपी जळाल्यावर किती दिवसांनी बदलली, गटाच्या गिरणीचं किंवा मशीनचं बिल किती येतं. परवान्याचा विषय असेल तर एवढा प्रश्न जरूर घाला: हे ग्राहक गेल्यावर आमच्या दरात किती वाढ होईल, त्याचा हिशेब आम्हाला मराठीत द्या. सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं कागदावरच लिहा. एक प्रत आयोगाला, एक ज्या कंपनीचा अर्ज आहे तिला, आणि कंपनीला पाठवल्याचा पुरावा आयोगाच्या प्रतीला जोडायचा. सूचनेत शेवटची तारीख दिलेली असते, ती चुकवू नका. रजिस्टर टपालाची पावती गटाच्या फाइलला लावून ठेवा.